मंगलीबाईची उबेची पेटी

आतून गरम राहणारा फ्रीज मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो मंगलीबाई कुमरेच्या घरात. मी बिजली कंपनीचा लाइनमन, रत्नपाल रामटेके. लोक विजेशी काय काय खेळ करतात ते मला विचारा. तारेवर आकडा टाकतात, फ्यूज उडाला की तिथे खिळा खोचतात, रानडुक्कर मारायला कुंपणात करंट सोडतात, आणि स्वतःच्याच बैलाला झटका बसला की शिव्या देत मला फोन करतात. त्यामुळे घरी बसून विजेचे प्रयोग करणाऱ्यांबद्दल माझं मत काही चांगलं नाही. रंजिता, माझी बायको, म्हणते की माझं कुणाबद्दलच चांगलं नाही. पण मंगलीबाईबद्दल आहे. ते कसं झालं तेच सांगतो.

चोरखमाऱ्याच्या तलावातून निघालेला पाट आमच्या गावाजवळून जातो. त्या पाटाच्या वळणावर पत्र्याचं एक दुकान आहे. तिथे जळालेल्या मोटरी भरून, म्हणजे नवी तार गुंडाळून मिळतात. दुकान योगराज कुमरेचं. लग्न झाल्यावर मंगली त्याला डबा द्यायला यायची. मग डबा देऊन बसायला लागली, मग तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला लागली, आणि काही वर्षांत असं झालं की वेढे ती घालायची आणि योगराज गिऱ्हाइकाबरोबर चहा प्यायचा. शेतकरी त्याच्या तोंडावर सांगायचे, "बाईच्या हातानं भरा जी, तुमी नका भरू." योगराज हसायचा. त्याला त्यात कमीपणा वाटत नव्हता, आणि हे मी फार थोड्या नवऱ्यांबद्दल सांगू शकतो. स्वतःचं नाव मी त्यात घालत नाही, कारण रंजिता हे वाचणार आहे.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत योगराज छातीत दुखून गेला. तिरोड्याच्या दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. तेव्हा त्यांचं घरकुल जोत्यापर्यंत आलं होतं. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागेवर सिमेंटचं बांधायचं, हा हट्ट मंगलीबाईचा. योगराजचं मन नव्हतं. मातीच्या घरात उन्हाळाही समजत नाही अन् हिवाळाही समजत नाही, असं तो म्हणायचा. तिने ऐकलं नाही. दर पावसाळ्यानंतर भिंती लिंपून लिंपून ती थकली होती, तिचंही काही चुकलं नव्हतं. पण घर उभं राहिलं तेव्हा त्यात राहायला तो नव्हता.

आता कुमरेंच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांच्याकडे माणूस गेला की लगेच घरच्या देवांत जात नाही. बाहेरच असतो. पुसाच्या, म्हणजे पौषाच्या महिन्यात भाऊबंद जमतात, पूजा करतात आणि त्याला हाक मारून देवांत मिळवतात. तेव्हापासून तो पुन्हा घरचा. नव्या धानाचा पहिला घास त्याला, घरात काही ठरवायचं तर आधी त्याच्या कानावर. त्या पूजेला मोहाचं पाणी लागतं. उतरवलेली दारू नाही, वाळलेली मोहफुलं माठात भिजवून आंबवलेलं पाणी. ते विकत आणलेलं चालत नाही, शेजारच्यानं दिलेलं चालत नाही. ज्या घरात माणसाला बोलवायचं त्याच घरात ते आंबलं पाहिजे. आंबलं, तर ते घर त्याला घ्यायला तयार आहे असं समजतात.

मातीच्या घरात चुलीजवळच्या कोपऱ्यात माठ ठेवला की काम व्हायचं. घरकुलात चूल नाही, गॅस आहे. आमच्याकडचा पुसाचा गारठा कसा असतो ते ज्याला पाहायचं असेल त्याने सकाळी सिमेंटच्या भिंतीला पाठ लावून बसावं. योगराज गेल्यानंतरच्या पहिल्या पुसात मंगलीबाईने माठ भरला, तो मुकाच राहिला, फसफसलाच नाही. तिने तो धानाच्या तणसात पुरला, गोधडीत गुंडाळला, दिवसा उन्हात नेला, रात्री परत घरात आणला. शेवटी वर पांढरी बुरशी धरली आणि पूजा राहिली.

भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली. योगराजला सिमेंटचं घर पसंत नाही, म्हणून माठ बोलत नाही. हे तिच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण असं बोलणं भिंतीतून पाझरतं. दुसरा पूस जवळ आला तसा तिचा भासरा, म्हणजे योगराजचा मोठा भाऊ बिसराम, नागझिऱ्याकडच्या त्याच्या गावाहून निरोप घेऊन आला. या वेळी माठ आंबला तर ठीक. नाही आंबला तर पूजा माझ्या घरी करू, माझं घर अजून मातीचं आहे. बिसराम वाईट माणूस नाही. जंगलात वणव्यावर पाळत ठेवता ठेवता म्हातारा झालेला, धाकट्या भावासाठी जीव तुटणारा माणूस. पण त्याच्या घरी पूजा झाली असती तर योगराज कायमचा त्या घरच्या देवांत गेला असता.

मंगलीबाई माझ्या दारात आली ती तेव्हा. मी पेपर वाचत होतो.

"भाऊ, एक काम होतं," ती म्हणाली. "एक पेटी करून रायली. तुमी येऊन अर्थिंग तेवढं पाहून द्या."

"कशाची पेटी?"

"मोह आंबवाची."

मी पेपर घडी करून ठेवला. मी पंचशील म्हणणाऱ्या घरातला माणूस, आणि नुसतं म्हणणारा नाही. पाचवं शील दारूचं. लग्नाच्या वरातीतसुद्धा मी सरबत घेऊन एका बाजूला उभा राहतो आणि त्यावरून चेष्टा ऐकून घेतो. मी म्हटलं, "बाई, दुसरा कोनी वायरमन नाई का गावात?"

आतून रंजिता पदराला हात पुसत आली. "तुमाले पेवाले कोन सांगून रायलं? तार पाहाले बोलावून रायली न ते. तारेले काय शील असते का जी?"

मी मंगलीबाईला बसायला सांगितलं, आणि तिने बसून सगळं सांगितलं, वर लिहिलं ते. शेवटी म्हणाली, "मातीचं घर मीनंच पाडाले लावलं, भाऊ. त्याईले वाट दिसून नाई रायली असन. आता माह्या माणूस अन् राहीन भासऱ्याच्या घरी? दीड वर्सापासून बाहेर आहे ते, थंडीत."

हे ती अगदी साध्या आवाजात बोलली. रंजिता चहा ठेवायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी टेस्टर आणि पक्कड घेऊन निघालो.

घरात एक जुना फ्रीज उभा होता. कुणीतरी दुरुस्तीला म्हणून दुकानात टाकून गेलेला, कॉम्प्रेसर बसलेला, पण दाराचं रबर शाबूत. मंगलीबाईचं म्हणणं सोपं होतं. ज्या भिंती थंडी आत कोंडून ठेवतात त्या ऊबही कोंडून ठेवतील. आत माठ बसेल एवढी जागा तिने जाळ्या काढून केली होती. खाली बल्बचा होल्डर, मागे जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा, ऊब सगळीकडे फिरवायला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाराच्या वर स्क्रूने बसवलेली एक प्लास्टिकची डबी. कोंबड्यांची अंडी उबवण्याच्या एका मोडक्या मशीनमधून तिने आतलं कार्ड काढलं होतं आणि त्याच्या तुटक्या पट्ट्या स्वतः सोल्डरचा डाग देऊन जोडल्या होत्या. त्या कार्डातून एक बारीक तार निघत होती. तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा मणी. त्या मण्याला ऊब कळते. माठ ठरवलेल्यापेक्षा गार झाला की डबीतलं रिले टक् करतं आणि बल्ब लागतो. पुरेसा गरम झाला की परत टक्, आणि बल्ब बंद. माणसाने जागत बसायला नको.

बल्ब शोधायला तिला फार फिरावं लागलं. तिरोड्याला इंद्रकुमारच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तेव्हा मी हजर होतो. "अब पीला बल्ब कौन लेता है, बाई? एलईडी ले जाओ, बिल कम आएगा," तो म्हणाला.

"उजेड नाई पाह्यजे भाऊ, गरमी पाह्यजे."

"गरमी चाहिए तो हीटर लो ना."

"हीटरनं शिजून जाईन. कोमट पाह्यजे."

इंद्रकुमारने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. शेवटी त्याने माळ्यावरचं धूळ खात पडलेलं खोकं उतरवलं, आणि मंगलीबाईने एकेक बल्ब कानाशी हलवून, तार तुटलेली नाही ना ते ऐकून घेतलं. दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना ती बाई भाजीवाल्याकडे टमाटे निवडून राहिली असंच वाटलं असेल.

मी तिची जोडणी तपासायला बसलो. खरं सांगायचं तर चूक काढायच्या तयारीनेच बसलो, ती माझी सवय आहे. रिले फेजच्या तारेवर घेतलं होतं, न्यूट्रल सरळ, जोडांवर टेप नीट, कुठे उघडी तार नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे." ती म्हणाली, "बरोबर नाई भाऊ, बोर्डात टेस्टर लावून पाहा." लावला. घरकुलाच्या वायरिंगमध्ये कुणा घिसाडघाई करणाऱ्याने फेज आणि न्यूट्रल उलटे जोडून ठेवले होते. म्हणजे तिची पेटी कितीही नीट असली तरी बल्ब विझल्यावरही होल्डरमध्ये करंट राहिला असता, आणि आत हात ओला, माठ ओला. ते तिला आधीच सापडलं होतं. मी मेन स्विच पाडून बोर्ड उघडला आणि आम्ही दोघांनी तो सरळ केला. त्या कंत्राटदाराला मी मनात जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अर्थिंग तर घराला नव्हतंच. मागच्या अंगणात खड्डा खणला, लोखंडी नळी उभी केली, भोवती कोळसा आणि मीठ थरावर थर टाकून पाणी ओतलं. बिसराम पूजेसाठी येऊन राहिला होता. तो उन्हात पाट टाकून बसला होता आणि आमच्याकडे बघत होता.

"लाइनमन बाबू, हे काय गाडून रायले?"

"वाट चुकलेली बिजली जमिनीत गेली पाह्यजे, बाबा. माणसात नाई."

त्याला ते पटलेलं दिसलं. मग त्याने खरा प्रश्न काढला. "पन मले सांगा, मोह घराच्या उबेनं आंबाले पाह्यजे. हे ऊब घराची होय का बिजलीची?"

आता यांच्यात भासरा आणि भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, समोरासमोर बोलत नाहीत. मंगलीबाई तोंड भिंतीकडे करून मला म्हणाली, "भाऊ, त्याईले सांगा, चुलीची ऊब तरी घराची कुठं होती? लाकडं जंगलातून आनत होतो. आता तारेतून येते. आननारी तेच आहे."

मी ते बिसरामला सांगितलं, जसं काही तो बहिरा होता. बिसरामने मला सांगितलं की तिला सांगा, पाहू. असा मी त्या घरात बराच वेळ टेलिफोन होऊन बसलो होतो.

माठ आत बसला. पहिल्यांदा तिने मणी हवेत लोंबता ठेवला, तेव्हा रिलेने दिवसभर टक् टक् टक् लावलं, दार उघडलं की बल्ब, लावलं की बंद. मग तिच्या ध्यानात आलं की हवा लवकर तापते आणि माठ सावकाश. आणि मोह आंबायला लागला की आपला आपण गरम होतो, ते हवेला कळत नाही. तिने मणी माठाच्या पोटाला चिकटवला, त्यावर गोधडीच्या चिंध्या बांधल्या, बटण फिरवून चालू-बंदमधलं अंतर वाढवलं. रिले शांत झालं. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी मला बोलावून तिने दार उघडलं आणि माठाला कान लावायला सांगितला. आत बारीक फसफस चालली होती. दारूच्या माठाला कान लावून बसलेला मी रंजिताने पाहिला असता तर जन्मभर पुरलं असतं, पण खरंच फार बरं वाटलं. मंगलीबाई म्हणाली, "बोलाले लागला."

आणि मग बिसरामने तो पुन्हा मुका केला.

झालं असं. मंगलीबाई तांब्याची तार आणायला तिरोड्याला गेली होती. बिसराम घरात एकटा. कुमरेंच्या रीतीत देवाचा माठ एकदा मांडला की पूजा होईपर्यंत त्याच्यासमोरचा दिवा विझता कामा नये. जुन्या घरात माठासमोर पणती जळायची. बिसरामच्या हिशेबाने पेटीतला बल्ब हाच त्या माठाचा दिवा. त्याने सहज दार उघडून पाहिलं, आणि आत काळोख. माठ पुरेसा गरम झाला होता म्हणून बल्ब बंद होता, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, मीही नाही, आणि ती तर त्याच्याशी बोलतच नव्हती. म्हातारा घाबरला. भावाच्या माठासमोरचा दिवा आपल्या नजरेदेखत विझला. त्याने धावत मोठी पणती आणली, मोहाच्या बियांचं तेल भरलं, पेटवून माठाच्या पोटाशी ठेवली, हवा मिळावी म्हणून दार थोडं किलकिलं ठेवलं आणि हात जोडून बाहेर येऊन बसला.

पणतीच्या ज्योतीने चिंध्या पेटल्या नाहीत, ते नशीब. पण मण्याची तार वितळून तुटली. तार तुटली की त्या कार्डाला वाटतं आत अतोनात थंडी आहे. त्याने बल्ब लावला आणि लावूनच ठेवला. मंगलीबाई परतली तोवर फ्रीजची आतली प्लास्टिकची भिंत वाकली होती आणि माठाला हात लावला तर चटका बसत होता. फसफस थांबली होती. मोह शिजून गेला होता.

मी पोचलो तेव्हा बिसराम अंगणात डोकं धरून बसला होता. "मीनं दिवा लावला बाबू, मीनं त दिवाच लावला," एवढंच तो म्हणत होता. मला वाटलं आता मंगलीबाई बोलेल, रीत गेली खड्ड्यात. माझाच राग अनावर झाला होता, मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो. तिने माठ अंगणात नेऊन पालथा केला. मग फ्रीजसमोर बसून तिने ती वितळलेली तार हातात घेतली.

"भाऊ," ती म्हणाली, "चूक माही आहे. दिवा दिसते म्हनून विझलेला दिसते. दिसालेच नाई पाह्यजे."

मोहफुलं संपली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच बिसराम कुणाला न सांगता बसने निघून गेला, आणि मला वाटलं झालं, आता पूजा त्याच्या घरी. संध्याकाळी तो परत आला, डोक्यावर स्वतःच्या घरच्या मोहाचं गाठोडं घेऊन. ते त्याने दारात ठेवलं आणि मला म्हणाला, "तिले सांगा, फुलं कोनत्याही झाडाचे चालतात. आंबले पाह्यजे या घरात." त्या म्हाताऱ्याचे मी त्या दिवशी पाय धरले असते.

मंगलीबाईने पेटी पुन्हा केली. बल्बवर मातीची काळी कुंडी उपडी घातली, खाली हवेला भोकं ठेवून. ऊब बाहेर येईल, उजेड येणार नाही. मण्याची नवी तार एका बारीक तांब्याच्या नळीत घालून, टोक डाग देऊन बंद करून, ती नळी माठाच्या तोंडातून थेट मोहात सोडली. आता कुणी शेजारी होळी पेटवली तरी तार जळणार नाही. भात शिजवायच्या कुकरमधली जास्त तापलं की तुटणारी चकतीही तिने बल्बच्या तारेत घातली. आणि मग तिने फ्रीजच्या दारावर बाहेरून, माठाच्या बरोबर समोर, एक लहानसा लाल एलईडी बल्ब बसवला. तो रिलेवर घेतला नव्हता. तो सरळ जोडला होता, मागे एक छोटी बॅटरी ठेवून, म्हणजे लाइन गेली तरी तो विझणार नाही. त्याचा माठाच्या उबेशी काही संबंध नव्हता. विजेच्या हिशेबाने तो बिनकामाचा होता.

माझ्या सगळ्या नोकरीत एवढं कामाचं कनेक्शन मी पाहिलं नाही. एखादा इंजिनियर असता तर त्याने "हात लावू नये" अशी पाटी लावली असती. मीही तेच केलं असतं. तिने म्हाताऱ्याला दिवा दिला. बिसरामने लाल बल्बासमोर उभं राहून हात जोडले आणि पुढे पूजेपर्यंत पेटीचं दार एकदाही उघडलं नाही.

या वेळी माठ लवकर बोलला. पूस सरायला आला होता तेव्हा भाऊबंद जमले, पंधरा-वीस माणसं, घरकुलाच्या त्या खोलीत दाटीवाटीने. मी आणि रंजिताही होतो. संध्याकाळ होत होती आणि घराचं पुढचं दार सताड उघडं ठेवलं होतं, बोलावलेल्या माणसाला आत येता यावं म्हणून. गारवा सरळ अंगावर येत होता. पळसाच्या पानांचे दोने फिरले. माझ्या हातात मंगलीबाईने वेगळा दोना दिला आणि हळूच म्हणाली, "गुळाचं पानी आहे, भाऊ. तुमच्या शीलाले काई होत नाई." शेजारी रंजिताने नाकाला पदर लावून हसू दाबलं.

बिसरामने काशाच्या थाळीत माठातलं पाणी ओतलं आणि गोंडीत काही म्हणत त्यात धानाच्या दोन लाह्या सोडल्या. मधली लाही घरच्या देवांची. कडेची योगराजची. बिसराम भावाला हाका मारणार, आणि कडेची लाही मधल्या लाहीला जाऊन चिकटली की योगराज मिळाला. योगराजची लाही थाळीच्या काठाला जाऊन टेकली आणि तिथेच राहिली. बिसराम हाका मारत होता. त्याचा आवाज चढत गेला, मग फुटला. लाही काठावरच. मागून कुणी बाई म्हणाली, "नाई येऊन रायला." दुसरं कुणीतरी म्हणालं, "घर नाई ना पसंत." मी मंगलीबाईकडे पाहायचं टाळलं. एवढं सगळं केलं, माठ आंबला, घर तयार झालं, आणि माणूस उंबऱ्यावरच उभा, असं मला वाटायला लागलं, आणि मी काही असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही.

बिसराम थांबला. त्याने मान वर केली आणि सरळ मंगलीबाईकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, भिंतीकडे नाही. "तू बोलाव व त्याले," तो म्हणाला. "माह्या आवाज त्यानं लहानपनीच आयकनं सोडलं होतं."

मंगलीबाई पुढे आली आणि थाळीवर वाकली. नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. दुकानात मोटरीच्या आवाजावरून त्याला हाक मारायची तर ती "ओ मिस्तरी" म्हणायची. तिने तेच म्हटलं.

"ओ मिस्तरी! काऊन उभे रायले तिथं? घर नवं आहे, जागा तुमचीच आहे. या आतमंधी."

तिचा श्वास लागून लाही हलली असेल. मी अगदी जवळ होतो, मला दिसत होतं ती किती वाकली होती ते. मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. लाही काठ सोडून निघाली, थोडी फिरली, आणि मधल्या लाहीला जाऊन टेकली. बिसराम मोठ्याने रडायला लागला. रंजिता रडत होती, आणि माझंही काही वेगळं नव्हतं, लपवून काय करू.

मंगलीबाई रडली नाही. ती थाळीकडे बघत राहिली, त्या दोन लाह्या पुन्हा सुटतात का ते पाहत असल्यासारखी. सुटल्या नाहीत. मग तिने पदर खांद्यावर ओढून घेतला आणि माझ्याकडे वळली.

"दार लावून घ्या, भाऊ," ती म्हणाली. "घरचे सगळे आत आले."

मी उठलो आणि दार लावलं.